ओळ येत होती

त्याने पुन्हा एंटरची कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली, आणि मागच्या खुर्चीतून वहिनीने विचारलं,

"चालू आहे ना, भावजी?"

"आहे. ओळ येतेय म्हणजे चालूच आहे."

वहिनी मान हलवून खिडकीकडे बघू लागली. तिचा नवरा, म्हणजे याचा थोरला भाऊ, परवाच्या वादळापासून समुद्रात बेपत्ता होता. इंजिन बंद पडल्याचा निरोप आला, तो शेवटचाच. बाकीच्या बोटी जवळचा पट्टा धुंडाळून हात हलवत परत आल्या होत्या. बंद पडलेली बोट कुठवर वाहत गेली असेल, ते सांगणारा प्रोग्रॅम या कार्यालयातल्या मोठ्या मशीनवर होता, आणि तो याच पठ्ठ्याने लिहिलेला. त्याचं नाव 'प्रवाह'. पहाटेच त्याने तो सुरू केला होता. धक्क्यावर दुसऱ्या एका बोटीचा तांडेल आपले खलाशी घेऊन तयार बसला होता. डिझेल एकाच लांब फेरीपुरतं, त्यामुळे दिशा कळल्याशिवाय निघण्यात अर्थ नव्हता. तांडेलाचा फोन आला की हा म्हणे, "थोडं थांबा, चालू आहे." आणि तो बिचारा थांबे.

दुपार कलली तरी उत्तर येईना. इतका वेळ लागतो कधी? जिवाला नुसता घोर लागला होता. त्याने परत तोच हुकूम दिला: चालू कामांच्या यादीत 'प्रवाह' हे नाव असलेली ओळ दाखव. ओळ आली. सकाळपासून तो ओळ आली की नाही एवढंच बघत होता. या वेळी त्याने ती वाचली.

ती ओळ प्रोग्रॅमची नव्हतीच. 'प्रवाह' शोधण्याचा त्याचा हुकूम हेही मशीनच्या लेखी एक चालू कामच, आणि त्यातही तेच नाव. यादीत त्याला दर वेळी त्याचा स्वतःचाच हुकूम दिसत होता. नव्याने नोकरीला लागलेल्यांना तो पहिल्याच आठवड्यात हे बजावायचा, वर त्यांची टरही उडवायचा. आणि आज सख्ख्या भावाची वेळ आली तेव्हा याची अक्कल चरायला गेली होती.

त्याने भराभर नोंदी उघडल्या. मेमरी अपुरी पडून प्रोग्रॅम सकाळीच, वहिनी यायच्या आधीच, मेला होता. आता पुन्हा सुरू केला तर उत्तर येईपर्यंत अंधार होणार.

वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर जाऊन बोलावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण त्याने बसल्या जागेवरूनच तांडेलाला फोन लावला.

"मशीनवरचं काम सकाळीच बंद पडलं होतं," तो म्हणाला. "मी नीट बघितलं नाही. चूक माझी."

"म्हणजे दिवसभर आम्ही उगाच थांबलो?"

"हो."

"बंद पडायच्या आधी काही बोललं होतं का ते?"

"बोट नैर्ऋत्येला सरकतेय, एवढंच. पण ते अर्धवट आहे."

"अर्धवट तर अर्धवट. उजेड आहे तोवर जाऊ. तू पण ये, बघायला माणसं कमी आहेत."

वहिनीने सगळं ऐकलं होतं. तिने चार शब्द सुनावावेत, हवं तर एक ठेवून द्यावी, असं त्याला मनापासून वाटलं. ती उठली, पदर खोचला आणि दार उघडून उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

तांडेलाने त्याला बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलं. धक्का आणि त्यावर उभी असलेली वहिनी मागे पडली, किनारा दिसेनासा झाला. चष्म्यावर खारं पाणी उडत होतं, तो शर्टाने पुसत होता. दूरवर लाटांमध्ये काहीतरी काळं हललं. त्याचा हात आपोआप वर गेला.

मागून तांडेल म्हणाला, "दिसलं तरच सांग. वाटलं म्हणून सांगू नकोस."

त्याने हात खाली घेतला. लाट ओसरली, ते काळं पुन्हा वर आलं, पुन्हा बुडालं. तो डोळे ताणून बघत राहिला.