आईच्या डब्यातला दोरा

रेघ खाली येईना. थोरली लेक यंत्राकडे डोळे फाडून बघत राहिली.

प्रयोगशाळेतलं तिचं काम ठरलेलं. गिनिपिगच्या श्वासनळीच्या स्नायूची पट्टी दोऱ्याने बांधून मिठाच्या कोमट पाण्यात टांगायची आणि विजेचा बारीक झटका द्यायचा. मज्जातंतू आपलं रसायन सोडतात, स्नायू आवळतो, कागदावरची रेघ वर जाते. मग तिथलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचा फडशा पाडतं, स्नायू सैल पडतो आणि रेघ मुकाट खाली येते. बारा वर्षं तिने हेच पाहिलं होतं. आज पट्टी आवळली ती आवळलेलीच.

विकर लुळं पडलंय, हे तिला लगेच कळलं. पण कशाने? बदलला होता फक्त दोरा. इथला संपला म्हणून तिने सकाळी आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ उचलून आणलं होतं. शेजारच्या टेबलावरचा रेशमी दोरा मागून तिने दुसरी पट्टी बांधली. रेघ वर गेली, खाली आली. मग त्याच पाण्यात आईच्या दोऱ्याचा तुकडा सोडला आणि अर्ध्या तासाने पुन्हा झटका दिला. रेघ वरच अडकली.

झुरळांचं औषध नेमकं हेच विकर लुळं पाडतं, किड्यांतलं आणि माणसांतलंही. पंधरा दिवसांपूर्वी झुरळांच्या नावाने बोटं मोडत शिवणाच्या कपाटात औषध मारलं होतं ते तिनेच. सढळ हाताने, उघड्या डब्यासकट. तेव्हापासूनच आईला धाप लागत होती, डोळे गळत होते. आणि ही शहाणी तिला काय म्हणाली? नातीचा फ्रॉक शिवायचा कंटाळा आलाय, पुरे झाली नाटकं. आई तरीही शिवत बसली होती, दर वेळी सुई ओवताना दोरा ओठांत ओला करत. थोरलीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने घरी फोन लावला.

“हं,” आईचा बोबडा आवाज आला. “थांब जरा, तोंडात दोरा आहे.”

“थुंक तो, आई. आत्ताच्या आत्ता. चूळ भर आणि बाहेर हवेत बस. मी गाडी घेऊन येतेय, दवाखान्यात जायचंय.”

पलीकडून आईच्या श्वासाची घरघर ऐकू आली.

“एवढी रागावू नकोस गं,” आई म्हणाली. “फ्रॉक झालाच आहे.”