मार्लिसताईची रंगीत तालीम

येत्या शनिवारसाठी ताईला पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. घर विकत घेण्याआधी ते धड आहे की नाही, हे तपासून सांगायचं, हा तिचा नवा धंदा. वर्षानुवर्षं शाळेची बस चालवल्यावर मार्लिसताईनं हिवाळाभर अभ्यास करून परवाना काढला होता. आमच्या ड्युलुथ शहरात जुन्या घरांना तोटा नाही, त्यामुळे काम मिळेल याची तिला खात्री होती. खात्री नव्हती ती स्वतःची.

म्हणून गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. खांद्यावर शिडी, हातात टॉर्च.

"रॉल्फ, सरक. तुझं घर तपासायचंय."

"का गं? मी कुठं विकतोय?"

"तालीम आहे. मी इन्स्पेक्टर, तू गिऱ्हाईक. मधेमधे बोलायचं नाही."

"गिऱ्हाईक बोलणारच की!"

"मग गिऱ्हाइकासारखं बोल. भावासारखं नको."

ती छतावर नजर टाकून खाली उतरली आणि घसा खाकरून म्हणाली, "आच्छादनाची स्थिती समाधानकारक आढळते."

मी इतका हसलो की कपाळ धरून पायरीवर बसावं लागलं.

"काय झालं?"

"डोकं ठणकतंय. झाले की पंधरा दिवस. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नाहीतर बिअरचा," असं म्हणत ती तळघरात उतरली. मागोमाग मीही.

गॅसवर पाणी तापवणारी टाकी कोपऱ्यात चालू होती. तिचा धूर धुराड्याकडे नेणारी पत्र्याची नळी ताईनं टॉर्चनं न्याहाळली. एका सांध्याशी ती थबकली, तिथं नुसताच तळहात धरला. नळी सांध्यातून निसटली होती. बर्फ ढकलायचं यंत्र आत ठेवताना माझाच धक्का लागला असणार.

ताईचा आवाज एकदम बदलला. मागच्या सीटवर पोरं मारामारी करायला लागली की निघायचा, तो आवाज.

"रॉल्फ, बाहेर हो. आत्ता."

"अगं, जॅकेट..."

"राहू दे जॅकेट!"

माझ्यापाठोपाठ तीही बाहेर पडली आणि तिथूनच तिनं गॅस कंपनीला फोन लावला. आलेल्या माणसानं आत मोजणी केली. गॅस बंद करून आणि दारं-खिडक्या सताड उघडून तो बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. निसटलेल्या नळीतून घरात कार्बन मोनॉक्साइड साचत होता, तुमचं डोकं त्यानंच ठणकतंय; त्या विषारी वायूला ना रंग ना वास, तो म्हणाला. माझ्या भिंतीवरचं अशा वायूचा इशारा देणारं यंत्र कधीचंच मुकं झालं होतं.

दवाखान्यात दोनेक तास ऑक्सिजन घेतल्यावर माझं डोकं ठणकायचं थांबलं. परतताना ताईनं गाडी रस्त्याकडेला घेतली.

"शनिवारी माझ्या नजरेतून असं काही सुटलं तर? घर घेणारी बाई पोटुशी आहे, रॉल्फ."

"आज सुटलं का?"

"आज तर मी नुसती तालीम करत होते."

"मला मात्र जॅकेटसुद्धा घेऊ दिलं नाहीस." ती हसली नाही, म्हणून मीच पुढं बोललो. "ताई, आज मला जसं सांगितलंस ना, तसंच त्यांना सांग. ते समाधानकारक वगैरे सोड."

शुक्रवारी नवी नळी बसली, यंत्रही नवं लागलं. मग ताईनं माझं घर पुन्हा पहिल्यापासून तपासलं. या खेपेला ती माणसासारखं बोलली. "ही खिडकी कुजत चाललीय. घाई नाही, पण पुढच्या थंडीआधी बदल."

शनिवारी तिला सोडायला मीच गेलो. तलावाच्या वरच्या चढावर निळं घर होतं, आणि ओसरीवर टोवा आणि एमेट नावाचं तरुण जोडपं वाट बघत होतं. मी गाडीत बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ताई बाहेर आली. केसांत जळमटं, गुडघे ओले. टोवा तिला काहीतरी विचारत होती आणि ताई हातवारे करून तिला पाणी कुठून झिरपतं ते दाखवत होती. कितीतरी वेळ. मग तिघंही हसली.

ती गाडीत येऊन बसली.

"कसं आहे घर?"

"म्हातारं आहे, पण हाडापेरानं मजबूत. दुरुस्त्या सांगितल्यात." पट्टा लावता लावता ती म्हणाली, "टोवाच्या बहिणीलाही घर घ्यायचंय म्हणे. माझा नंबर घेतलाय."