जावयाच्या चक्कीपुढची घंटा

क्वालिटीचे साहेब नाशिकहून आले आणि विसरवाडीच्या आमच्या मिरची कारखान्यात त्यांनी घंटा बांधली. परदेशी बाजारात टिकायचं तर चूक जिथं होते तिथंच पकडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या टेबलावरचा माणूस तुमचं गिऱ्हाईक. माल खराब आला तर त्यानं बेधडक घंटेची दोरी ओढायची, की काम थांबलंच. दोष कामाचा, माणसाचा नाही. बोलायला काय जातं!

चक्कीवर होता नवनीत. पुढच्या टेबलावर पूड तपासून पाकिटं भरायला सुगंधाबाई, म्हणजे त्याची सासू. जावयाच्या ताटात मीठ कमी पडलं तरी जिचा जीव खालीवर होतो, तिला साहेबांनी त्याचं गिऱ्हाईक केलं.

महिनाभर घंटा मुकीच राहिली. मग एका दुपारी चक्की तापली, नवनीतनं ती थांबवली नाही, आणि पूड काळपट यायला लागली. करपल्याचा वास सुटला. सुगंधाबाईंनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं, तो मोबाईलमध्ये. असला माल कुणाच्या तरी लेकरांच्या पोटात जाणार, हे त्यांना सोसेना. त्यांनी दोरी ओढली.

चक्की बंद झाली, माल बाजूला काढला. साहेब इतके खूश की त्यांनी सुगंधाबाईंना सगळ्यांदेखत शाल घातली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. नवनीतलाही वाजवाव्या लागल्या. शिकल्यासवरल्या माणसाला एवढं कळू नये?

संध्याकाळी मी सुगंधाबाईंच्या ओट्यावर बसले होते, तेवढ्यात त्यांची लेक हेमांगी पिशवी घेऊन माहेरी आली. डोळे सुजलेले. नवनीतनं निरोप धाडला होता: सासूनं चारचौघांत चूक कबूल केली तरच बायकोला परत घेईन.

"माय, मिरची खरंच जळेल व्हती का?" हेमांगीनं विचारलं.

"जळेल व्हती, बेटा."

हेमांगी ओट्याच्या कडेला टेकली. पिशवी मात्र तिनं हातातून सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई सगळ्यांपुढे उभ्या राहिल्या. "मले सर्दी शे, वास समजना नही. पूड चांगली शे."

साहेब हिरमुसले. वास त्यांनाही येत असणार, पण गाडी भरायची होती. त्यांनी बाजूला काढलेला माल परत टेबलावर घ्यायला सांगितला.

दुपारीच हेमांगी सासरी नांदायला गेली. आणि सुगंधाबाई पदर नाकाला लावून तीच पूड पाकिटात भरत बसल्या.