सुटलेल्या वाती

भंवरीबाईंची पर्युषणातली अठाई आज पुरी होत होती. आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही. नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. गेली कित्येक वर्षं दमा आडवा यायचा, डॉक्टर नको म्हणायचे. यंदा मात्र म्हातारीनं हट्टानं तडीस नेलं. धुळ्यातली अर्धी मारवाडी मंडळी साता, म्हणजे तपातली खुशाली, विचारायला येऊन जात होती. उद्या सकाळी पारणं.

आणि नेमके हेच दिवस गाठून वीजवाल्यांनी दिवे घालवायचा सपाटा लावलेला! दिवेलागण झाली की अंधार गुडूप. पुढे मुलाचं, उत्तमचंदचं, कापडाचं दुकान, मागे घर. उघडी मेणबत्ती कलंडली तर सगळं स्वाहा. म्हणून त्याच्या बायकोनं, प्रेमकुंवरनं, काचेच्या पेल्यात मेण ओतून मेणबत्त्या करायचं मनावर घेतलं. जळगावला माहेरी शिकली होती ती.

"मेण मधमाशांचं नाही ना?" सासूबाईंनी आधीच विचारून घेतलं.

"नाही बाई, घासलेटासारखं जमिनीतून निघतं ते."

तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

पण वाती मेल्या जागेवर राहतील तर शपथ! पेल्याच्या बुडाशी खळीनं चिकटवल्या, वरून गरम मेण ओतलं, की खळ सुटायची आणि वात तरंगून काचेला जाऊन टेकायची. मग काच तापून तडकायची. प्रेमकुंवर रडकुंडीला आली. माहेरी, जळगावच्या मेहरूणात, शेजारचा सुतार सरसानं दारं जोडायचा, ते तिला आठवलं. सरसानं दार धरतं, तर वात का नाही धरणार? काल दुपारी ती मागच्या भिंतीपाशी गेली आणि पलीकडच्या लोटन सुताराला म्हणाली, "भाऊ, थोडा सरस द्या ना."

लोटननं एकदा तिच्या घुंघटाकडं बघितलं, डोकं खाजवलं, आत गेला आणि तांबूस खड्यांची पुडी आणून भिंतीवर ठेवली. "कोमट पानीमा भिजाडी ठेवजा," एवढंच बोलला. तिनं खडे चुलीवरच्या तपेलीत भिजवले, वाती चिकटवल्या, मेण ओतलं. अन् संध्याकाळी? हा सरसही मेला तसलाच! एक वात सुटून काचेला टेकली आणि टच्‌कन पेला तडकला. बाकीच्याही लटपटल्या. सरसाला शिव्या देतच ती झोपली.

सकाळी शेजारच्या मंदाबाई साता विचारायला आल्या. तडकलेला पेला बघून त्यांनी चौकशी केली. सरसाचं नाव ऐकलं मात्र, त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! सरस? तो जनावराच्या कातड्याचा काढतात गं. तुमच्या घरात, आणि पजूसणात?"

प्रेमकुंवरच्या पायांखालची जमीनच सरकली. कारण तपेली! सासूबाईंचं अठाईचं पाणी त्याच तपेलीत उकळत होतं. कालही, तिनं नुसती विसळून घेतल्यावर. आठ दिवसांचं तप, एवढ्या वर्षांची आस, आणि आपण त्यात कातडं कालवलं! सांगावं तर म्हातारीचा जीव जाईल. न सांगावं तर उद्या सगळ्या समाजासमोर पारणं करवायचं, आणि जन्मभर आतून जळायचं.

मंदाबाई गेल्या तशी ती सासूबाईंच्या सामायिकाच्या, ध्यानाच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. भंवरीबाईंचं सामायिक संपलं, तोंडावरची मुहपत्ती उतरली, आणि प्रेमकुंवरनं धाडकन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळं सांगून टाकलं, तपेलीसकट.

भंवरीबाईंनी ऐकून घेतलं. चेहरा पांढराफटक पडलेला. मग सुनेला म्हणाल्या, "बिनणी, तो पेला आण."

पेला आणला. त्यांनी आतली सैल वात बोटानं हलवली. ती सहज हाती आली. बुडाशी पिवळट, ठिसूळ कपचा. त्यांनी नाकाशी नेला.

"सरस शिजताना वास कसला येतो, ठाऊक आहे? सगळी गल्ली नाक धरते. काल मी दाराआड बसले होते, दम्याचं माझं नाक, जरा वास आला की झोंबतं. मला काही आलं नाही. आणि सरसानं धरलेलं असं सुटतं होय? तो पाट बघ, बाजारातून आणलेला, सरसानं जोडलेला, म्हणून मी त्यावर कधी बसत नाही. कुऱ्हाड घातली तरी सांधा निघत नाही. लोटनला हाक मार."

लोटन भिंतीवरून डोकावला. प्रश्न ऐकून त्यानं कानाला हात लावले. "सरस? तुमना घरमा? काय बोलतस अक्का! तुमना उपास चालू शेत हाई मले माहीत नही का? पोरले कातडानं नाव कसं सांगू, म्हनीसन चूप ऱ्हायनू. बाभूयना डिंक शे तो. काचवर काय धरी तो, कपाय!" त्यानं कपाळावर हात मारला.

बाभळीचा डिंक! प्रेमकुंवर हमसून हमसून रडू लागली.

"आता गं काय झालं? वाती सुटल्या म्हणून रडतेस?"

"हो ना बाई," ती रडता रडता हसली, "सुटल्या म्हणूनच!"

भंवरीबाईंनाही हसू आवरेना, त्यात खोकला आला, आणि लोटन भिंतीपलीकडून "पानी द्या, पानी द्या" करू लागला. पाणी प्यायल्या त्या त्याच तपेलीतलं.

मग स्वारी एकदम हुकूम सोडायच्या तालात आली. "पापडाचं पीठ लाटण्याला वाळलं तर तू किती घासतेस? उडदाचं पीठ घट्ट मळ, वाटाणाभर गोळी बुडाशी दाब, वात खोच, उन्हात कडकडीत वाळू दे. मग मेण ओत. एवढं साधं, आणि सुताराकडं जाते!"

संध्याकाळी दिवे गेले. साता विचारायला आलेल्या बायकांच्या मधोमध पेले तेवत राहिले. मेण बुडाला गेलं, तरी वाती जिथल्या तिथे उभ्या.

"तो तडकलेला पेला आता टाकून दे," भंवरीबाई म्हणाल्या.

"राहू द्या बाई," प्रेमकुंवर म्हणाली. तिनं तो पुसून आधीच फडताळात ठेवला होता, घरातल्या चांगल्या भांड्यांच्या रांगेत.