दोन हातांचा नमस्कार

शाळेसमोर सकाळी पावणेआठ ते आठ ही पंधरा मिनिटं जो उभा राहिला, त्याला माणसांबद्दल आणखी काही शिकायची गरज नाही. एरवी हीच मंडळी फार सभ्य. सोसायटीच्या आरतीत तबक दुसऱ्याच्या हाती देणारी, लग्नाच्या पंगतीत 'आधी तुम्ही बसा' म्हणणारी. गाडीत बसली की सगळं संपलं. गेटच्या तोंडाशी गाडी आडवी लावायची, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे, म्हणजे जणू सरकारी परवानाच मिळाला. मग बाळ उतरणार, बाळाचं दप्तर उतरणार, डबा, पाण्याची बाटली, मग पुन्हा एकदा पापा. मागे चाळीस गाड्या हॉर्न बडवताहेत. आणि एवढं करून वाट मोकळी झाली, की ऑफिसला आग लागल्यासारखी गाडी पळवायची. नाशिकच्या द्वारका चौकात निदान पोलीस तरी असतो. आमच्या गेटवर होती फक्त नवसाबाई.

नवसाबाई म्हणजे शाळेची मावशी. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची. वर्ग झाडून झाले की तिने गेटवर यायचं आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. तिच्याकडे शिट्टी नव्हती, पट्ट्यांचं जाकीट नव्हतं. एक निळी नायलॉनची दोरी होती. दोरीचं एक टोक गेटच्या खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या हातात. पलीकडे पोरं जमली की ती दोरी ओढत रस्त्यात जायची, ताणून उभी राहायची, आणि पोरं दोरीच्या आडोशाने शाळेत यायची. कोणती गाडी थांबणार आणि कोणती थांबणार नाही, हे तिला लांबूनच कळायचं. न थांबणारी दिसली की ती पोरांना मागे लोटायची, दोरी टाकायची आणि स्वतः बाजूला व्हायची. तीन वर्षांत एकाही पोराला खरचटलं नव्हतं. हे काम मिळाल्यापासून द्राक्षबागांवर मजुरीला हिंडणं तिने बंद केलं होतं. तिची मुलगी मैना मखमलाबादला नववीत होती आणि जन्मात पहिल्यांदा सलग तीन वर्षं एकाच शाळेत जात होती. ते सगळं नवसाबाईच्या दोन पायांवर उभं होतं.

आणि मी उज्वला. भांडखोर बाई म्हणून शाळेत माझं नाव होतं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. माझा स्वराज बालवर्गात गेला तेव्हापासून आम्ही मायलेक चालत जायचो, बारा मिनिटं. जो चालतो त्याला गाडीवाल्यांना बोलायचा हक्क असतो, अशी माझी समजूत. रोज सकाळी मी आडव्यातिडव्या गाड्यांचे फोटो काढायचे, नंबरप्लेटसकट, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. त्याखाली लोक गुलाबाची फुलं टाकायचे. शुभ सकाळ.

सगळ्यात जास्त फोटो कुंदन थेट्यांच्या गाडीचे. काळी, घराएवढी गाडी, आणि ती रोज नेमकी दोरीच्या जागेवर. एकदा ते मला म्हणाले, "ताई, दोन मिनिटांचा तर प्रश्न असतो."

"पोर चिरडायला दोन मिनिटं लागत नाहीत, थेटेसाहेब," मी म्हणाले. चारचौघांत म्हणाले. मागे मोकळा प्लॉट आहे, तिथे गाडी लावा, शंभर पावलं चाललात तर पाय झिजणार नाहीत, हेही म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात तर या माणसाने कमालच केली. दोरी घासून बॉनेटचा रंग गेला म्हणून शाळेकडे लेखी तक्रार दिली. आणि आमच्या मुख्याध्यापिका आशा मॅडम म्हणाल्या, दोरी बंद करू, नवसाबाईला गेटवरून काढू. गेटवरून काढू म्हणजे कामावरून काढू, कारण झाडायला दुसऱ्या बायका होत्याच. मी चार दिवस घरोघर फिरले, सासष्ट सह्या आणल्या आणि मॅडमच्या टेबलावर आपटल्या. दोरी राहिली. नवसाबाई माझ्याकडे बघून नुसती हसली आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावरून आणलेल्या नागलीच्या पिठाची पिशवी माझ्या हातात कोंबली.

दसऱ्याला शेखरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी आणली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, सोसायटीत पेढे, सगळं साग्रसंगीत झालं. मी महिनाभर क्लास लावून गाडी शिकलेलीच होते, लायसनही आलं होतं. पण शाळेत गाडी न्यायची नाही, हे मी शेखरला बजावून सांगितलं. इतरांना जे बोलले ते मला शोभलं पाहिजे ना.

दिवाळीनंतर शाळेत प्रदर्शन होतं. स्वराजने पुठ्ठ्याचं गंगापूर धरण केलं होतं, दारांसकट, अडीच फूट लांब. ते हातात धरून बारा मिनिटं चालणं शक्य नव्हतं आणि शेखरची पहिली पाळी होती. म्हटलं, आजच्या दिवस. पण मी गेटवर थांबणार नव्हते. गेटवरून पुढे जाऊन वळून मागच्या प्लॉटमध्ये गाडी लावायची, तिथून दोघांनी धरण धरून चालत यायचं, असं ठरवून निघाले. मी घाईत नव्हते, फोनवर नव्हते, दुसऱ्या गिअरमध्ये होते. हे सगळं मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. मला वाटायचं की त्याने काही फरक पडेल.

गेटच्या अलीकडे पिंपळाखाली मारुतीचं देऊळ आहे. नाशकात गाडी चालवताना देऊळ आलं की लोकांचा उजवा हात आपोआप हँडलवरून सुटतो, कपाळाला लागतो, छातीला लागतो आणि परत हँडलवर जातो. त्याला मी नेहमी नावं ठेवायचे. नांदगावला माझी आई सांगायची, एका हाताने देवाला नमस्कार करू नये, देव काय भिकारी आहे का. तेव्हा मी लहानपणापासून थांबून, डोळे मिटून, दोन्ही हात जोडून नमस्कार करणारी. तीन वर्षं रोज सकाळी स्वराजचं बोट सोडायचं, चप्पल काढायची, डोळे मिटायचे, हात जोडायचे.

त्या दिवशी डावीकडे पिंपळ दिसला आणि मी हात जोडले.

दोन्ही. डोळे मिटले, मानही खाली घातली. चप्पल तेवढी काढली नाही. गाडी चालवतेय हे मी विसरले असं म्हणता येणार नाही, कारण विसरायला आधी लक्षात यावं लागतं. ते हात माझे नव्हतेच, ते रोजचे हात होते. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. स्वराज मागून "आई!" ओरडला, मी डोळे उघडले, आणि गाडी डावीकडे सरकून गेटच्या सिमेंटच्या कठड्याला कोपऱ्याने अडली होती. गाडी आणि कठडा यांच्या मध्ये नवसाबाई होती. तिच्या हातात दोरी होती, ताणलेली. तिच्यामागे दहा-बारा पोरं उभी होती, सगळी धड.

तिने पहिल्यांदा मागे वळून पोरं मोजली. मग खाली बघितलं. चाक तिच्या उजव्या पावलावर होतं.

थेट्यांनीच मला हाताला धरून गाडीतून उतरवलं. त्यांनीच गाडी मागे घेतली, त्यांनीच आपल्या त्या घराएवढ्या गाडीत नवसाबाईला घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सीटवर रक्त सांडलं, त्याचंही काही बोलले नाहीत. मी रस्त्याच्या कडेला बसून होते आणि कुणीतरी मला पाणी पाजत होतं. सगळ्या बायका माझ्याभोवती. एक बाई, जिच्या गाडीचे मी सात वेळा फोटो टाकले होते, ती माझी पाठ चोळत होती.

पावलाची हाडं चुरली होती. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, चालेल हळूहळू, पण फार वेळ उभं राहता यायचं नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. माझी चूक आहे, माझे हात स्टिअरिंगवर नव्हते, मी डोळे मिटले होते. सगळं खरं लिहिलं. आणि मी वाट बघत बसले. मला वाटलं, आता तुटून पडतील. तीन वर्षांचं उट्टं काढतील. काढायलाच हवं होतं. पण ग्रुपवर नुसते जोडलेले हात आले. 'ताई, मनाला लावून घेऊ नका.' 'देवाला नमस्कार करताना झालं, त्यात तुमचा काय दोष?' 'मारुतीरायानेच मुलांना वाचवलं.' 'ती बाई तरी रस्त्यात मधोमध उभी का राहते?' शेवटचं वाक्य वाचून मी फोन पलंगावर फेकला. वर्षभरापूर्वी असं कुणी लिहिलं असतं तर मी त्याला ग्रुपवर सोलून काढलं असतं. आता काय तोंडाने बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी आशा मॅडमच्या खोलीत मी, शेखर, कालपासून सगळं अंगावर घेतलेले थेटे आणि नवसाबाईचा नवरा भिका. भिका खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. कागद तयार होता. नवसाबाई तोल जाऊन गाडीसमोर पडली, कोणाविरुद्ध तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"असं झालेलं नाही," मी म्हणाले.

"ताई, दवाखान्याचं सगळं शाळा बघणार आहे," थेटे समजावत म्हणाले. "पोलिसांत गेलं तर तुमचं लायसन, कोर्ट, स्वराजच्या मनावर परिणाम. आणि या गरीब माणसाने तारखांना किती हेलपाटे मारायचे? नाही का हो भिकाभाऊ?"

भिकाने मान हलवली. त्याला काय कळलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

"पण ती पडली नाही, मी..." मी पुन्हा म्हणाले. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा बोलताना माझाच आवाज बारीक झाला होता. शेखरने टेबलाखाली माझा हात दाबला. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही. भिकाने अंगठा उठवला आणि बोट पुसायला काही मिळेना म्हणून शर्टाला पुसलं.

"नवसाबाईचं काम?" मी दारातून वळून विचारलं.

"बघू या ना," आशा मॅडम म्हणाल्या. "उभं राहता येत नसेल तर आपण तरी काय करणार?"

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. इतके दिवस का गेले नाही, ते विचारू नका. बायकांच्या वॉर्डात शेवटच्या कॉटवर नवसाबाई होती, पाय उशीवर, पट्ट्यांचा मोठा गोळा. मैना शाळेच्या गणवेशात खाली बसून कांदेपोह्यांचा डबा उघडत होती. मला बघून उठून उभी राहिली आणि बाहेर गेली.

"बसा ताई," नवसाबाई म्हणाली.

"शाळेतून आली का ही?"

"न्हाय. शाळेत न्हाय गेली चार दिस. मला उचलाया कुनी पायजे ना." मग उशीवरचा पाय सावरत म्हणाली, "पाड्यावरच जाऊ आता. हितं खोलीत बसून काय करनार? तिला तिकडं घालू कुठंतरी."

मला रडू आलं आणि त्याचाही मला संताप आला. रडायचा हक्क माझा नव्हता. मी म्हणाले, "मावशी, मला शिव्या द्या. तुमच्या मनात येतील तेवढ्या द्या. कुणीच काही बोलत नाही हो मला."

"शिव्या कशाला? देवाला हात जोडीत व्हत्या तुमी. मी पाह्यलं."

"पाहिलंत? मग बाजूला का नाही झालात?" हे विचारायला नको होतं, पण विचारलं. चार दिवस माझ्या डोक्यात तेच घुमत होतं, आणि लाज वाटते सांगायला, त्यात कुठेतरी मला माझीच सुटका हवी होती. "तुम्हाला तर लांबून कळतं, कोण थांबणार नाही ते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी एवढी साधी गोष्ट कशी विचारते, याचं तिला नवल वाटलं असावं.

"दुसऱ्या कोनाची गाडी असती, तं दोरी टाकून कवाच पळाले असते," ती म्हणाली. "काचंतून तुमचं तोंड दिसलं. म्हनलं, उज्वलाताई हाय, ही थांबंल."