शंभरातले पंचावन्न

चिमटीतली शिशाची गोळी बोटांच्या उबेने गरम झाली होती. हरभऱ्याएवढी गोळी — रुमियाती ती डब्यातही टाकत नव्हती आणि परत वाटीतही ठेवत नव्हती. डबा जुना, दुधाचा, गाईचं चित्र पुसून नुसती शिंगं उरलेली. तो तारेने इंजिनच्या क्रँकला, पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला, टांगलेला, आणि क्रँक दोन पोलादी सुऱ्यांवर आडवा, धुतलेला, पुसलेला, गप्प. कुठेही फिरवून सोडा, सोडाल तिथेच थांबायचा. म्हणजे काम झालं होतं. पिस्टनच्या वजनातले शंभरातले पंचावन्न डब्यात मोजलेले, तेवढेच समोरच्या वजनाने पेललेले. हा आकडा बापाक विग्न्योंचा, कारखान्याच्या मालकांचा; सगळेच त्यांना बापाक म्हणत. टेबलावरच्या भिंतीवर खडूने लिहिलेला, दर वर्षी ईदच्या आधी भिंतीला चुना लागला की पुन्हा त्याच जागी गिरवलेला. गेली कित्येक वर्षं तो तिनेच गिरवला होता.

आणखी एक गोळी टाकली की क्रँक कलणार...

याआधी दोनदा हाच क्रँक तिच्या टेबलावर आला होता. गिमानचा, तिच्या धाकट्या भावाचा. फिरत्या भातगिरणीचा — जुनी गाडी कापून केलेल्या सांगाड्यावर एका पिस्टनचं आडवं डिझेल इंजिन, मागे गिरणी, पुढे गिमान. दिवसभर गावोगाव दारात जाऊन भात सडून द्यायचं. दोन्ही वेळा तिने पंचावन्नवर बसवला. दोन्ही वेळा बापाकनी इंजिन कारखान्याच्या फरशीवर बोल्टने आवळून चालू केलं, वर काठोकाठ कॉफीचा पेला ठेवला आणि मिशीतल्या मिशीत हसले. थेंब सांडला नाही. साऱ्या क्लातेन गावात या पेल्याची शपथ घेतात लोक. आणि गिमानची बोटं स्टिअरिंगच्या हादऱ्यांनी दर महिन्याला थोडी थोडी पांढरी, बधिर होत गेली.

आज सकाळी तो आला तेव्हा शर्टाचं एक बटण चुकलेलं होतं. तिने कॉफी दिली. उकळती, पेला काठाशी धरावा लागतो असली. त्याने तो पूर्ण तळव्यात धरला आणि बोलत राहिला — पेरणीचं, बायकोच्या माहेरचं, कुणाच्या तरी मेलेल्या म्हशीचं — आणि धरूनच राहिला...

“गिमान, ठेव तो खाली!”

“का गं म्बाक?” मोठ्या बहिणीला तो म्बाक म्हणायचा.

तिने पेला हिसकून घेतला तेव्हा तिची बोटं पोळली. त्याने तळवा पाहिला. लाल झाला होता. तो हसला, कसंनुसं. “बरं झालं की. आता चुलीवरचं भांडं उतरवायला मला फडकं नको.”

ती मात्र हसली नाही. तिला राग आला, आधी त्याचा, मग बापाकचा, मग — सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त — स्वतःचा. कारण तीन दिवसांपूर्वी, इंजिन उतरवण्याआधी, तिने एक गोष्ट केली होती जी या कारखान्यात आजवर कुणी केली नव्हती. पेला इंजिनवर न ठेवता गिमानच्या बसायच्या फळीवर ठेवला, जिथे त्याचं ढुंगण असतं आणि समोर स्टिअरिंगवर हात, तिथे. कॉफी उसळली. पुढे सांडली, मागे सांडली. डावी-उजवी फळी कोरडी. पिस्टन जसा जातो-येतो, अगदी तसाच लांबट ओला पट्टा.

किती साधं होतं! पिस्टन मागे-पुढे धावतो, समोरचं वजन गोल फिरतं. गोल फिरणारं जाणाऱ्या-येणाऱ्याला पुरतं गप्प करूच शकत नाही. मागे-पुढचा धक्का जितका गिळतं, तितका वर-खाली ओकतं. धक्का मरत नाही. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, बस. कुठे किती द्यायचा एवढंच आपल्या हातात. बापाकनी तो ऐन तारुण्यात वाटून टाकला — पंचावन्न — याच फरशीवर, कारण फरशी दोन्हीकडचं निमूट सोसते. गिमानचा सांगाडा खालून टायरांवर उभा आहे, वर-खाली तो पेलेल. मागे-पुढे मात्र लटपटतो. त्याला सत्तर हवेत. निदान सत्तर.

तिने हे बापाकना सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे काय, कानावर घातलं, मान खाली घालून, दहा वेळा माफी मागून. ते खुर्चीत तळलेलं तेम्पे, सोयाबीनच्या वड्या, खात होते. “अगं, फळी कॉफी पिते का? पेल्याची जागा इंजिनवर. तुझ्या भावाला सांग, हात ढिले सोड. नव्या नवरीचा पदर धरावा तसं स्टिअरिंग धरतो तो.” सगळा कारखाना हसला. आणि ती म्हणाली, “इंगिह.”

इंगिह. होय जी. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला दुसरं उत्तर नसतंच. मनात काहीही असो, तोंडाने इंगिह. मग करायचं ते करायचं किंवा नाही करायचं. इंगिह इंगिह म्हणे आणि काम कधीच न दिसे, अशी म्हणच आहे आपली... तिने आयुष्यात किती इंगिह गिळले होते! नवऱ्याने दुसरा संसार थाटला तेव्हा सासूला इंगिह. आई गेल्यावर गिमानला तूच वाढव म्हणाले, इंगिह. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि लोक म्हणायचे, रुमियाती किती शांत! काठोकाठ पेला, थेंब सांडत नाही. शांत नव्हते मी. मी फरशीला आवळलेली होते.

तशी वाट सोपी होती. आताही इंगिह म्हणायचं, गुपचूप सत्तर करायचं, वर रंग मारायचा. फरशीवर इंजिन आवळून बांधलेलं. पेला डगमगणार नाही. बापाकची मिशी हसेल, गिमानचे हात वाचतील, भिंतीवर पंचावन्न तसाच राहील. कुणाचं काय बिघडलं? पण काल वेदी गावच्या एका माणसाचा क्रँक आला होता, तोही फिरत्या गिरणीचा, आणि त्या माणसानेही सही करताना पेन मुठीत धरलं होतं, लहान मुलं धरतात तसं. ते आठवून तिला आज संताप आला. गुपचूप किती जणांचं करणार? आणि का गुपचूप?

तिने गोळी डब्यात टाकली. मग दुसरी. मग वाटीच उपडी केली, वजन पाहून पाहून, सत्तरपर्यंत. क्रँक कलला, डबा खाली गेला. आता समोरच्या वजनात भोकं पाडून शिसं ओतायचं. आणि वर रंग मारायचा नाही. तिने खडूने दोन फुल्या काढल्या, क्रँक उचलून ड्रिलखाली आवळला, आणि मशीन सुरू केलं. लोखंडाचा कीस वळत वळत बाहेर आला.

काठीचा आवाज. बापाक मागे येऊन उभे होते. त्यांचा तोच वास, लवंगेच्या सिगरेटचा. ती एकोणीस वर्षांची पोर असताना, बाईचा हात क्रँकला नको म्हणून गिऱ्हाइकं परत चालली होती, तेव्हा ह्याच माणसाने त्यांना सुनावलं होतं — वजनाला हात कुणाचा ते कळत नाही. तिला ते वाक्य आठवलं. बापाक, मी तुमचीच आहे हो... पण वजनाला आकडा कुणाचा तेही कळत नाही.

“भोक कसलं ते?” त्यांनी विचारलं. “पंचावन्नच ना, पोरी?”

बाजूच्या टेबलावरचा कानशीवाला थांबला. कोपऱ्यात गिमान फुंकर मारत तळवा धरून बसला होता, त्याने वर पाहिलं. जिभेवर इंगिह आलेला होता, बावीस वर्षांच्या सवयीने, आपणहून. तिने तो तिथेच धरला.

“म्बोतन, बापाक,” ती म्हणाली. नाही. अगदी अदबीच्या बोलीतलं, पण नाहीच. “सत्तर. आणि पेला मी फळीवर ठेवणार आहे. तुमच्यासमोर.”

त्यांची काठी फरशीवर एकदा टेकली, उचलली, पुन्हा टेकली. तिने मान वर ठेवली होती आणि तिला ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. ड्रिलच्या दांड्यावरचा हात थरथरत होता, कोपरापर्यंत, सगळ्यांना दिसेल असा. तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला नाही.