मोकळ्या सोडलेल्या जागा

माझा पहिला संशय हेमचंद्रवर गेला आणि खरं सांगायचं तर तो त्याच्यावरच जावा अशी माझी इच्छा होती. सहा महिन्यांपूर्वी तो आमच्या श्रीरामपूरच्या शाळेत हंगामी मास्तर म्हणून आला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "नृसिंहराव, छडीनं इंग्रजी येत नाही हो." तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता.

साल एकोणपन्नास. हेडमास्तर रंगनाथरावांनी मला सकाळीच बोलावलं, दार लोटलं आणि एक कागद पुढे केला. माझ्याविरुद्ध निनावी तक्रार होती. इंग्रजीत, आणि वळण ओळखू येऊ नये म्हणून छापील अक्षरांत. नृसिंह मास्तर इंग्रजीत नामाआधी लागणारा 'द' चुकला की मारतात, जितके 'द' चुकतील तितक्या छड्या. एका मुलाला चार दिवस म्हशीची धार काढता आली नाही.

"कुणाचं काम?" रंगनाथरावांनी विचारलं.

"हेमचंद्रचं. एवढं शुद्ध इंग्रजी गावात दुसरं कोण लिहिणार?"

"तुमची खात्री असेल तर उद्याच त्याला नारळ देतो. पण बिचाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. कागद घेऊन जा, नीट बघा, चार वाजता सांगा."

दिवसभर मी सगळ्यांकडे चोरासारखा बघत होतो. शिपाई कानिफनाथलाही सोडलं नाही. हेमचंद्र काय लिहीत असतो, असं विचारलं तर तो म्हणाला, "मला काय ठावं मास्तर? मी आपली घंटा बडवतो. मला विंग्रजी येत न्हाई, म्हनून तर हात शाबूत हायेत." मेला, तोही टोमणा मारून गेला.

वर्गात मी नेहमीचा धडा घेतला. प्रवरा नदीला 'द' लागतो, श्रीरामपूरला लागत नाही. साठ पोरं लिहून घेत होती. यातलं कुणी हसतंय का, हे मी बघत होतो. का लागत नाही, हे कुणी विचारलं नाही. माझ्या वर्गात असं कुणी कधीच विचारत नसे.

एकदाच एका व्यक्तीनं विचारलं होतं. लग्नानंतर मी नीलांबरीला, माझ्या बायकोला, हौसेनं इंग्रजी शिकवायला घेतलं. ती म्हणाली, "नदीला लागतो, मग गावानं काय घोडं मारलंय?" उत्तर मलाही येत नव्हतं. मी पोट धरून हसलो होतो. आपल्या मराठीत 'द' नाहीच, तर लिहिताना तो आठवणार कसा? म्हणून मी तिला एक युक्ती करून दिली. जिथे शंका येईल तिथे बोटभर जागा सोडायची, पानभर लिहून काढायचं, मोठ्यानं वाचायचं आणि मग 'द' भरायचे. वर्गात मी ही युक्ती कधी सांगितली नाही. साठ पोरांना एवढा वेळ कोण देतो? छडी झटपट काम करते.

मधल्या सुट्टीत हेमचंद्रच्या वहीशी ताडून पाहावं म्हणून मी तो कागद खिडकीपाशी धरला. शाई फिकी होती. सगळे 'द' मात्र गडद होते, दौतीत शाईची नवी गोळी विरघळवून मागाहून भरल्यासारखे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना जरा जास्त मोकळं होतं. आणि श्रीरामपूरच्या आधी बोटभर जागा तशीच कोरी राहिली होती.

हेमचंद्रची वही मी न उघडताच बाजूला ठेवली. मागच्या महिन्यात चार दिवस आमचं दूध उशिरा आलं होतं आणि मी दूधवाल्या साळूबाईवर डाफरलो होतो. माझ्या वर्गातला भीमा तिचाच मुलगा.

सवयीनं मी 'द' तपासले. एकोणीस होते. एकही चुकलेला नव्हता. त्या विद्यार्थिनीवर मी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

चार वाजता रंगनाथराव टाक घेऊनच बसले होते. "झाली खात्री?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. घरची अब्रू झाकली गेली असती आणि हेमचंद्र उद्याच्या गाडीनं गेला असता. ते मोह पडण्यासारखंच होतं.

"हेमचंद्रनं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे शिकलेल्या माणसानं लिहिलंय. नाव सांगणार नाही. पण मजकूर खरा आहे."

"हे लेखी द्यावं लागेल, नृसिंहराव."

"देतो."

लिहून दिलं आणि घरी आलो. नीलांबरी तांदूळ निवडत बसली होती. मी तो कागद तिच्या सुपाशेजारी ठेवला. तिचा हात थांबला, पण तिनं मान वर केली नाही.

"एवढं लपूनछपून कशाला?" मी विचारलं. "घरातच सांगायचं होतंस मला."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "साळूबाईनं भीमाचा सुजलेला हात मला दाखवला, त्याच दिवशी. तुम्ही जेवत होता. तुम्ही विचारलंत, 'किती चुकले होते?'"